टॉलिव्हर आडनावाची चौकशी

मी फटकळ आहे, आणि आजवर मला त्याचा थोडा अभिमानच होता. या रविवारी तो पुरता उतरला.

आमच्या सिद्धेशचं नेओमी टॉलिव्हरशी लग्न ठरलंय. मुलगी डेट्रॉइटची, नर्स आहे, गुणी आहे, काळी आहे. हे शेवटचं मैत्रिणींना सांगताना मी गिळून टाकते, खोटं कशाला बोलू! म्हणूनच पहिल्या भेटीत तिला विचारलं, "तुमचं घराणं मूळ कुठलं? टॉलिव्हर हे आडनाव कसं पडलं?" आपल्यात विचारतातच की. घराण्यात एखादा पाद्री नाहीतर मास्तर निघाला, तर चारचौघांत सांगायला बरं.

पोरीने ते मनावर घेतलं. जुनी कागदपत्रं शोधत बसली, आणि रविवारी आमच्याकडे, डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयला, जेवायला आली ती चेहरा फुलवूनच. "काकू, सापडली! लविनिया. माझ्या पणजीची आजी. केंटकीत गुलाम होती. टॉलिव्हर हे तिच्या मालकाचं आडनाव."

आमचे हे जेवता जेवता थांबले. मला मात्र हायसं वाटलं. लग्नात आपण ताटात तांदूळ पसरून सुनेचं नवं नाव लिहितो ना, त्याला नेओमीचा ठाम नकार होता. त्यावरून मी सिद्धेशचं डोकं खाल्लं होतं. म्हटलं, आता आयतीच संधी आली.

"अगं, मग बरंच झालं की!" मी म्हणाले. "मालकाचं नाव कशाला मिरवायचं? टाकून दे. आगाशे लाव. आमचं कसं स्वच्छ नाव आहे."

"आई, प्लीज!" सिद्धेश पुटपुटला.

नेओमी चिडली असती तर परवडलं असतं. ती शांतपणे म्हणाली, "काकू, सुटका झाल्यावर बाकीच्यांनी नवी नावं घेतली. लविनियाने नाही घेतलं. तिची थोरली मुलगी मालकाने आधीच विकली होती. आपण नाव बदललं तर ती आपल्याला शोधणार कशी, असं तिला वाटलं. तिने पेपरात जाहिरातही दिली होती, त्यातच आहे हे. धाकट्या मुलांनाही तिने बजावलं, नाव बदलू नका."

"मग? आली का ती?" ह्यांनी विचारलं.

"नाही."

माझे कान तापले. स्वच्छ म्हणाले होते मी, स्वच्छ! तेही माझ्याच टेबलावर, तिला जेवायला बोलावून. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

'चुकलं गं माझं', एवढंच म्हणायचं होतं. म्हणायला तोंड उघडलं, आणि निघालं काय, तर "आमटी वाढू?"

"हो काकू, थोडी," म्हणत नेओमीने वाटी पुढे केली. इतक्या मायेने म्हणाली, की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.