डाव्या चाकाचा सूड

मी एक जुनी पितळी गाडी आहे. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात एका हॉटेलच्या दारात उभी असते आणि पाहुण्यांच्या बॅगा वाहते. मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तू क्षमाशील असतात असं तुम्ही वाचलं असेल. मी तशी नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण मला वळण लावलं ते लुशियस टार्व्हर या पोर्टरने. माझं पुढचं डावं चाक पहिल्यापासून हट्टी. उंबरठा आला की अडतं. लुशियस मला किंचित मागे घेतो, "चल गं म्हातारे" म्हणतो आणि मी निमूट चालते. बर्फाने भिजलेल्या बॅगा तो स्वतःच्या रुमालाने पुसायचा. पाहुणे त्याच्या हातावर टिप ठेवत आणि माझ्या चकाकत्या दांड्याचं कौतुक करत. ती चकाकी त्याच्याच हातांची होती.

मग क्रेग डोर्न मॅनेजर झाला. श्रीमंत पाहुणा दिसला की हा माझा दांडा हिसकावी, लिफ्टपर्यंत ढकली आणि टिप खिशात घाली. पुढे टिपांवरच्या करात सवलत आली. वर्षअखेरच्या फॉर्मवर प्रत्येकाच्या कामाचा तीन आकडी संकेतांक लिहायचा, आणि ते काम टिप मिळणाऱ्यांपैकी असेल तरच सवलत. फॉर्म डोर्नच भरत होता. पोर्टरचा संकेतांक त्याने स्वतःच्या नावापुढे टाकला आणि लुशियसला कोठारातला मदतनीस करून ठेवलं.

लुशियसने फॉर्म माझ्याशेजारी उभा राहून वाचला. "साहेब, सवलत गेली तर गेली. पण सारा जन्म या दारात काढला, आणि कागदावर मी इथे नाहीच?"

"अरे, नुसता आकडा तो! त्याचं काय एवढं घेऊन बसलास?" डोर्न हसला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला तळपाय नाहीत, चाकं आहेत, पण आग तीच.

पुढच्याच शुक्रवारी बोलिंग क्लबची बस आली. चेंडू घरंगळवून लाकडी खुंट पाडण्याचा खेळ खेळणारी ही मंडळी. प्रत्येकाच्या पिशवीत धोंड्यासारखा जड चेंडू. हॉटेलच्या मालकीणबाई, मिसेस झिलिन्स्की, नेमक्या तिथेच होत्या.

"लुशियस, गाडी घे!" डोर्न ओरडला.

लुशियस जागचा हलला नाही. "मी कोठारातला, साहेब. पोर्टर तुम्ही. सरकारलाही तसंच कळवलंत ना?"

"काय ऐकतेय मी हे?" बाईंनी लुशियसच्या खिशातला फॉर्म मागून घेतला, चष्मा लावून वाचला. "वा, क्रेग! मग उभा काय राहिलास? ढकल की!"

डोर्नने मला धरलं. मित्रांनो, आजवर मी गंजाशी झगडत आले ती जणू याच घटकेसाठी. लिफ्टच्या उंबरठ्याशी त्याने जोर लावला. मी अडले, आणि चांगली आडवी झाले. पहिला चेंडू त्याच्या अंगठ्यावर पडला. दुसरा चुकवायला गेला तो तिसऱ्यावरून घसरून सपाट झाला. एका चेंडूत सगळे खुंट पडले की ओरडतात तशी क्लबवाल्यांनी "स्ट्राइक!" म्हणून आरोळी ठोकली. मला फार फार बरं वाटलं.

बाईंनी त्याच दिवशी फॉर्म दुरुस्त करून घेतला. लुशियसने आपल्या नावापुढचा संकेतांक पुन्हा पुन्हा वाचला, कागद टोपीत जपून ठेवला आणि डोळे पुसले. नंतर लंगडणाऱ्या डोर्नने माझं चाक बदलायला माणूस बोलावला. लुशियसने त्या माणसाला दारातूनच परत पाठवलं. "राहू दे. त्या चाकाला माणसं ओळखता येतात."

तर मित्रांनो, वस्तूंची निगा राखा, आणि ज्याचे कष्ट त्याच्याच नावावर लिहा. आणि लिहायचे नसतील, तर माझ्याजवळून जाताना पाय जपा.