ओमतीच्या गल्लीतला बंब

मी बंब बोलतोय. पाणी तापवायचा. तांब्याचा आहे, पत्र्याचा नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

जन्म नागपूरचा. तांबटाने मला ठोकून ठोकून उभं केलं. ते ठोके अजून अंगावर दिसतात. हेमलताबाईंच्या लग्नात त्यांच्या वडिलांनी मला आंदण म्हणून दिलं आणि रेल्वेने मी जबलपूरला आलो. जावई विष्णुपंत कारखान्यात फिटर. घर ओमती नावाच्या भागात, मागच्या गल्लीत, माझी जागा गच्चीवर. गल्लीतल्या हिंदी लोकांनी बंब कधी पाहिला नव्हता. पोटात जाळ, डोक्यावर धूर. ते मला 'इंजन' म्हणत. मला ते चाललं.

सकाळच्या पाळीआधी सगळं घर माझ्या पाण्याने न्हाई. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला गल्लीतली मराठी घरं बादल्या घेऊन येत. त्या दिवशी मी दुपारपर्यंत विझत नसे.

मग माणसं कमी झाली. मुलगा पुण्याला गेला. हेमलताबाई वारल्या. न्हाणारा एकच उरला. तरी विष्णुपंत मला रोज काठोकाठ भरून पेटवत. एक बादली घेत. बाकीचं पाणी माझ्या पोटात निवत राही. कोणी विचारलं तर म्हणत, "सवय आहे."

मागच्या हिवाळ्यात नगर निगमची माणसं गल्लीत आली. शहराचा धूर कमी करायचा आराखडा बनत होता. कोणत्या घरात काय जळतं, ते विचारत फिरत होती. त्यांतली प्रणोती नावाची मुलगी गच्चीवर आली. मराठीच, पण बोलताना अडखळे.

"अण्णा, ये क्या है? म्हणजे, हे काय आहे?"

"बंब."

"यात रोज लकडी जाळता? एकट्यासाठी?"

"हो."

तिने नीट समजावलं. जळण्यातून जे वर जातं ते वरच साचतं, त्यानेच उन्हाळे तापून राहिले. तिचं खरं होतं. त्याआधीच्या उन्हाळ्यात माझी तोटी दुपारी हात लावू देत नव्हती, आणि तेव्हा मी पेटलेलाही नव्हतो.

पुढे ती परत आली तेव्हा हसत सांगत होती. वॉर्डाच्या बैठकीत, लाकूड-कोळसा कोण बंद करतो म्हटल्यावर सगळे एकमेकांकडे बघत बसले. हात पहिला विष्णुपंतांनी वर केला. उन्हावर पाणी तापवायचा संच गच्चीवर बसला. विष्णुपंतांनी मला चिंचेने घासलं, पालथं करून पाणी काढलं आणि कोपऱ्यात ठेवलं. मी तक्रार केली नाही. पटलेलं काम होतं.

दुसऱ्या सकाळी जिन्यात धावपळ ऐकू आली. समोरच्या गच्चीवरच्या बेबीताई, मागे शेजारचे दोन भैया. विष्णुपंत दाढीचा साबण तोंडाला लावून उभे.

"काहून हो भाऊजी, धूर काहून नाही आज?"

"बंद केला. ऊन तापवते आता पाणी."

"अन् सांगायचं नाही? मी तुम्हाला उचलायला माणसं घेऊन आले ना!"

"परत पाठव त्यांना. वेळ आहे अजून."

भैया हसले. बेबीताई हसल्या नाहीत. "वहिनी गेल्यापासून रोज तुमचा धूर पाहते मी," त्या म्हणाल्या. "तो दिसला की मग आपला चहा ठेवते. आता काय पाहू?"

विष्णुपंतांनी तोंड फिरवलं. माझ्या डोक्यावरचा धूर कोणी तरी रोज वाचत होतं, हे मलाही तेव्हाच कळलं.

पुढच्या सकाळी ते कोपऱ्यात आले. निखारे सारायचा चिमटा उचलला आणि माझ्या पोटावर एक ठोका दिला. टण्ण. समोरून आवाज आला, "ऐकू आलं जी!"

मग ते रोजचं झालं. भरलेला बंब नीट वाजत नाही. मी रिकामा होतो म्हणून घुमलो.

या उन्हाळ्यात बेबीताईंना त्यांचा मुलगा शहराच्या नव्या भागात, विजयनगरला, घेऊन गेला. जाताना खालून ओरडल्या, "भाऊजी, फोन करत जा!"

"करतो," म्हणाले. केला नाही. फोन करून काय सांगायचं, मी आहे म्हणून? तसं बोलणारा तो माणूस नव्हे.

समोरच्या गच्चीला कुलूप आहे. तरी सकाळी ठोका पडतो. विष्णुपंत चिमटा हातात धरून थोडा वेळ उभे राहतात. मग खाली जातात.

परवा प्रणोती संच बघायला आली. मला पाहून म्हणाली, "अण्णा, हे अजून इथेच? भंगारवाल्याला देऊन टाका ना."

"असू दे. काम आहे त्याचं."

"काय काम?"

ते बोलले नाहीत. म्हणून मी बोललो.

मला परत पेटवा असं मी म्हणत नाही. धूर गेला ते बरंच झालं. पण सकाळी कधी आमच्या गल्लीतून गेलात आणि वरून टण्ण असा आवाज आला, तर वर यायची गरज नाही. खालूनच म्हणा, ऐकू आलं जी.