नऊ सेकंद

तिने संगणकाच्या डिस्कच्या पेटीवर तळहात टेकला आणि सगळ्यांना गप्प राहायची खूण केली.

"वहिनी, एक पत्ता टाक. कुठलाही."

रुग्णवाहिका धाडणाऱ्या त्या खोलीत तिची वहिनी अकरा वर्षं फोन घेत होती. ही नणंद तिथली यंत्रं सांभाळायची. वहिनीने पत्ता टाकला. पेटीत करकर सुरू झाली. तिने हातातल्या घड्याळात पाहिलं: पडद्यावर नकाशा उमटायला नऊ सेकंद लागले.

"मशीन म्हातारं झालंय," साहेब म्हणाले. "नवं यायला दोन महिने लागतील."

"म्हातारं नाही हो, वणवण करतंय बिचारं!" तिचे डोळे चमकले. "डिस्कमधल्या चकतीच्या कडेला रस्त्यांची यादी, नकाशे पार आत. वाचणारा काटा एका पत्त्यासाठी शेकडो खेपा घालतोय. वाचायला वेळ लागतच नाही, सगळा येण्याजाण्यात जातो!"

"मग?"

"यादी सकाळी एकदाच उचलून मेमरीत ठेवायची. नेहमी लागणारे नकाशेही तिथेच. नवा पत्ता आला तर तो मात्र लगेच चकतीवर लिहायचा, म्हणजे वीज गेली तरी पुसला जाणार नाही."

साहेबांनी दुपारपर्यंतची मुदत दिली. फोन जोडीच्या मशीनवर वळवून ती कामाला लागली. वहिनीने डबा उघडून पुढ्यात ठेवला, तो तसाच राहिला.

"नणंदबाई, दोन घास तरी खा."

"थांब गं, जमत आलंय!"

दोनच्या सुमारास फोन पुन्हा इकडे घेतले आणि पहिलाच खणखणला. वहिनीने पत्ता टाकला. बोट उचलायच्या आत नकाशा पडद्यावर! गाडीला निरोपही गेला.

साहेब दचकले. "करकर थांबली. बंद पडलं की काय?"

"बंद नाही, साहेब! पायपीट थांबली त्याची!"

कुणीतरी टाळी वाजवली. तिला तर नाचावंसंच वाटत होतं. "अर्धा सेकंदसुद्धा नाही! दिवसाला तीनशे फोन, प्रत्येकी नऊ सेकंद... वहिनी, रोजचा पाऊण तास वाचला तुझा!"

वहिनीचं लक्षच नव्हतं. फोन अजून तिच्या कानाला होता. पलीकडचा माणूस इतका ओरडत होता की सगळ्यांना ऐकू येत होतं.

"एवढ्यात कशी निघेल गाडी? तुम्ही ऐकलंच नाही माझं!"

"ऐकलं, दादा. गाडी खरंच निघालीय. तुम्ही आईच्या उशाशी बसा. हात धरलात? आता सांगा, कशा पडल्या त्या?"

तो सांगत राहिला. आवाज हळूहळू खाली आला. मग पलीकडे दार वाजलं, माणसांची धावपळ ऐकू आली. "श्वास नीट चालू आहे," गाडीतून आलेलं कुणीतरी मोठ्याने म्हणालं, आणि या खोलीत पुन्हा एकच गलका झाला.

तिने हातातलं घड्याळ टेबलावर ठेवलं.

"वहिनी, नकाशा येईपर्यंत तू काय बोलायचीस गं लोकांशी?"

"हेच. उशाशी बसा, हात धरा," वहिनी म्हणाली आणि तिने पुढचा फोन उचलला.