दोघींची तपासणी

"मी त्यांना विचारलंय, तुम्हाला नाही," सिस्टर पुन्हा एकदा म्हणाल्या.

स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली थोरली बहीण गप्प झाली, पण तेवढ्यापुरतीच. खुर्चीत बसलेल्या धाकटीला आज वार कोणता ते आठवेना, तेव्हा थोरलीने आत वळून भांडी हलवत, मंगळवारी कचऱ्याची गाडी उशिरा येते बाई, असं स्वतःशीच पुटपुटल्यासारखं केलं.

"मंगळवार," धाकटी हसून म्हणाली.

सिस्टरांनी कपाळाला हात लावला. म्हाताऱ्या माणसांच्या घरी जायचं, त्यांना स्वतःचं किती करता येतं ते पाहायचं आणि कोणाला किती मदत लागेल ते कार्यालयाला कळवायचं, यातच त्यांची नोकरी सरत आली होती. थापा मारणारे पुष्कळ भेटले होते, पण या दोघींनी मिळून त्यांचं डोकं उठवलं. थोरलीला दिसत नव्हतं. सिस्टर आल्या तेव्हा तिने दारामागे टांगलेल्या कोटाला अगत्याने "बसा" म्हटलं होतं. धाकटीच्या काही लक्षात राहत नव्हतं. एकीने जन्मभर लोकांचे कपडे शिवले, दुसरीने टेलिफोन खात्यात नोकरी केली, लग्न कोणीच केलं नाही. आता एकीचे डोळे आणि दुसरीची आठवण यांवर घर चाललं होतं.

नियम मात्र माणशी होता, प्रत्येकीची तपासणी वेगळी आणि मदतही वेगळी. धाकटीची खरी अवस्था कळली की तिला देखभाल केंद्रात हलवतील आणि आपण मागे राहू, हे थोरलीला पक्कं ठाऊक होतं.

"तुम्ही जरा आत बसा बरं," म्हणत सिस्टरांनी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

धाकटीने आधी वेळ मारून नेली. सिस्टरांच्या आवाजाचं कौतुक केलं, केसांचं केलं. मग तिची नजर बंद दाराकडे जाऊ लागली. ताई कुठे गेली, म्हणून विचारायची. उत्तर मिळालं की पुन्हा तेच. शेवटी उठून चपला शोधू लागली. तिला खाली बसवताना सिस्टरांच्या नाकी नऊ आले, आणि तेवढ्यात आत भांडं पडलं.

सिस्टर उठेपर्यंत धाकटी दार उघडून आत पोहोचलीसुद्धा. थोरली चहा करायला गेली होती आणि उकळतं पाणी कपाऐवजी हातावर पडलं होतं. धाकटीने तो हात नळाखाली धरला. "हलवू नकोस," ती म्हणाली, आणि तशीच धरून राहिली.

"ओतायचं काम तिचं," थोरली सिस्टरांना म्हणाली. "मी सांगते, ती ओतते. तुम्ही मध्ये दार लावलंत."

"आजी, हे मला लिहावं लागेल."

"लिहा. दार कोणी लावलं तेही लिहा."

सिस्टर संतापल्या. म्हातारीचं म्हणणं खरं होतं म्हणून जास्तच. हाताला मलम लावून त्या जिन्यात गेल्या आणि कार्यालयातल्या साहेबांना फोन केला. दोघींची प्रकरणं वेगळी, निर्णयही वेगळे होणार, असं साहेब म्हणाले. तेव्हा सिस्टरांचा आवाज चढला. वेगळं करायचं तर तुम्ही स्वतः येऊन करा, मी करणार नाही, असं त्यांनी सुनावलं. साहेब बराच वेळ कटकट करत राहिले. अखेर रोज सकाळी मदतनीस पाठवायची आणि थंडी सरली की पुन्हा पाहायचं, एवढं कबूल झालं. यापेक्षा जास्त पदरात पडणार नव्हतं.

सिस्टरांनी आत येऊन ते सांगितलं. आभारबिभार कोणी मानले नाहीत. मदतनीस वस्तू इकडच्या तिकडे ठेवणार असेल तर नको, असं थोरलीने आधीच बजावून टाकलं.

एक चाचणी राहिली होती. खुर्चीच्या हातांना न धरता उठून उभं राहायचं. थोरलीने भाजलेला हात छातीशी घेतला, दुसरा शेजारी बसलेल्या धाकटीच्या कमरेमागे घातला आणि दोघी एकदमच उठल्या.

"एकेकटीने," सिस्टर सवयीने म्हणाल्या.

दोघी तशाच उभ्या राहिल्या. सिस्टरांनी वाट पाहिली. मग मान खाली घालून थोरलीच्या कागदावर लिहिलं, 'उभ्या राहतात.' धाकटीच्या कागदावरही तेच लिहिलं.

"बसू का आता?" धाकटीने ताईला विचारलं.