पाठ मावेल एवढी मॅट

"हिच्यावर पापड तरी लाटता येतील काय?" वहिनी माझ्या कानाशी पुटपुटली. "आणि वास बघ गो. सायकलची ट्यूब उन्हात टाकावी तसा."

वहिनीचं पुटपुटणं म्हणजे शेजारच्या दुकानात ऐकू जाईल एवढं. पणजीतल्या त्या दुकानाचे मालक नारायणबाब यांनी ते ऐकलं, न ऐकल्यासारखं केलं, समोरची मॅट गुंडाळून बाजूला ठेवली आणि दुसरी काढायला शिडीवर चढले. मॅट गुंडाळून ठेवू नये, सपाट ठेवावी, हे वहिनीची सून संजना वर्गात शिकून आली होती. पण तिने ती गुंडाळू दिली. आणखी एक मॅट नापास झाली याचं तिला फारसं वाईट वाटलेलं दिसलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

कटिंग मॅट म्हणजे कापड कापताना खाली घ्यायची जाडसर रबरी चटई. वर चौकटी आखलेल्या असतात. तिच्यावर गोल पात्याचा कटर फिरवला तर खालचं मेज चिरत नाही आणि पातंही बोथट होत नाही. डिचोलीत बायकांच्या एका वर्गात संजना हे तुकडे जोडायचं काम शिकली, तिथली ही वस्तू. मी जे काय शिवण शिकले ते उसवून उसवून. मला जमिनीवर बसून कातर चालवता आली की पुरे. वहिनीचंही तेच. मुळगावात निम्म्या घरांत तिने घातलेल्या वाकळी पांघरल्या जातात, आणि त्यातल्या एकीलाही खाली मॅट लागली नव्हती. तरी या वाकळीला मॅट पाहिजे आणि ती चांगलीच पाहिजे, हा हट्ट वहिनीचा.

ही वाकळ रुद्रेशच्या शर्टांची व्हायची होती.

रुद्रेश वहिनीचा एकुलता मुलगा, संजनाचा नवरा, माझा भाचा. गोवा राज्य झालं त्या वर्षी तो पहिलीत गेला. पोरांना मराठीत घालायचं की कोंकणीत, यावरून तेव्हा सख्खे भाऊ एकमेकांच्या पंगतीला बसत नव्हते. आमचा कृष्णनाथदादा, म्हणजे रुद्रेशचा बाप, घरात कोंकणीत भांडायचा आणि मराठीच्या बाजूने भांडायचा. पुढे दादा वारला, मुलगा मोठा झाला, आणि वहिनी म्हणायची की आपण फुकट घसे बसवून घेतले, हा दोन्ही भाषांत काठावरच पास.

मग तो बार्जीवर लागला. धक्क्यावर खनिज भरून घ्यायचं आणि मांडवीतून खाली न्यायचं. दोन वर्षांमागे गणपतीची चवथ झाल्यावर बार्जी पुन्हा चालू झाल्या, तेव्हा एका तिन्हीसांजेला दोर बांधताना तो पाण्यात गेला. सोबतच्यांनी उड्या मारल्या. होड्या घातल्या, जाळी टाकली. नदीला ओहोटीची ओढ होती. पुढे खाली नदीकाठच्या खाजणात कुणाला तरी एक चप्पल मिळाली. ती घरी आणली, आम्ही तिघींनी बघितली, आणि ती त्याची नव्हे असं ठरलं. कोणी ठरवलं ते सांगता येणार नाही. चप्पल घेऊन आलेल्या माणसाने ती परत पिशवीत घातली आणि चहा न घेताच गेला.

त्यानंतर त्या घरात रुद्रेश गेला असं कोणी म्हटलं नाही. आहे असंही म्हटलं नाही. तो 'तिकडे' होता. शेजारपाजारचे रस्त्यावर हळहळायचे, फाटकातून आत आले की पावसापाण्याचं बोलायचे. संजनाचा भाऊ सावंतवाडीहून येतो. बहिणीला घेऊन जायचं मनात असतं, ते त्याच्या चेहऱ्यावर वाचता येतं. येतो, समोर बसतो, पंखा आवाज का करतो असं विचारतो, स्टुलावर चढून दुरुस्त करतो आणि जातो. मुळगावात एवढा गुळगुळीत चालणारा पंखा दुसऱ्या कुणाकडे नसेल.

वहिनी रोज सकाळी परसातली अबोली खुडून आणते, गुंफून वळेसर करते आणि संजनासाठी देवळीत ठेवते. संजना तो माळते. एकदा चुलीपाशी संजना मला हळूच म्हणाली की आते, मला फुलं बघवत नाहीत, पण नाही माळली तर मायला वाटेल मी आशा सोडली. त्याच दिवशी दुपारी, पोहे निवडताना, वहिनी म्हणाली की माझं काय, मी कधीच समजले, पण ती पोर माळते तोवर मी खुडणार. मी थांबले तर तिने कुणाकडे बघायचं. मी दोघींचं ऐकलं आणि पेडण्याला परत आले. एकीचं दुसरीला सांगावं एवढी अक्कल मला होती, धीर नव्हता. उगाच का नणंदेला लोक नावं ठेवतात.

आमच्यात बाहेरगावी गेलेल्या माणसाच्या कपड्याला कातर लावत नाहीत. तो आपल्या पायांनी उंबरा ओलांडेपर्यंत त्याच्या फाटक्या धोतराचंसुद्धा पायपुसणं करायचं नाही. माझे सासरे काशीला गेले होते तेव्हा म्हशीच्या पायाला बांधायला चिंधी पाहिजे होती. सासूने त्यांचं जीर्ण धोतर हातात घेतलं, परत ठेवलं आणि शेजारणीकडून चिंधी मागून आणली. म्हणून रुद्रेशचे शर्ट ट्रंकेत होते तसे राहिले. वहिनीच्या तोंडात 'खमीस', संजनाच्या तोंडात 'शर्ट', एवढाच काय तो फरक. सगळ्या शर्टांच्या कॉलरी खाणीच्या मातीने कायमच्या तांबूस झालेल्या.

यंदाच्या पावसात ट्रंकेला ओल लागली. शर्टांवर बुरशीचे काळे ठिपके आले, दोनतीन ठिकाणी कसर लागली. उघडीप पडली तेव्हा संजनाने ते दोरीवर घातले. वहिनी एकेक उलटून बघत राहिली, आणि कोकमं वाळत घालूया म्हणावं त्या सुरात म्हणाली, कुजवण्यापेक्षा वाकळ घालूया. संजनाने मान हलवली. मला फोनवर कळलं, मी बरं म्हटलं. वाकळ घालायची तर शर्ट कापायला हवेत, आणि शर्टांना कातर लावली की काय होतं, हे तिघींनाही ठाऊक होतं.

मग वहिनीला मॅट सुचली.

डिचोलीच्या दुकानातली मॅट लहान निघाली. शर्टाची अख्खी पाठ घडी न घालता मावली पाहिजे, वहिनी म्हणाली, ह्याच्यावर रुमाल कापा. ते खरंच होतं. फोंड्याला गेलो तिथली पुरेशी मोठी होती, पण हिरवी. हिरव्यावर हिरवं कापड दिसणार नाही, असं वहिनीचं म्हणणं. रुद्रेशकडे हिरवा शर्ट नव्हता. त्याला हिरवा रंग आवडत नसे, हे आम्हाला सगळ्यांना माहीत. पण संजना लगेच म्हणाली, आहे ना एक, पोपटीसा. मी म्हटलं, हो हो, तो. आणि बसमध्ये बसून परत आलो.

तिसरी मीच म्हापशाहून नेली. गुंडाळलेली होती, कडा वर येत होत्या. वहिनीने चार कोपऱ्यांवर वरवंटा, पाण्याचा तांब्या, पितळी समई आणि रुद्रेशचं जुनं डंबेल ठेवलं. कडा बसल्या. तेव्हा वहिनी वाकून, एक डोळा मिटून म्हणाली, मधे पोट आलंय. मीही वाकले, एक डोळा मिटला. मॅट तव्यासारखी सपाट होती. मी म्हटलं, किंचित आलंय खरं. त्या मॅटवर आता घरातलं मांजर निजतं.

तिकडे ट्रंकेत बुरशी काही थांबली नव्हती.

म्हणून पणजी. नारायणबाब मूळचे आमच्या पेडण्याचे, चित्रकलेचं सामान विकतात, त्यांच्याकडे सगळी मापं असतात असं मीच कुणाकडून तरी ऐकलं होतं आणि ऐकल्याचं सांगितलं होतं. सकाळच्या बसमध्ये वहिनी मधे बसली होती. मांडीवर कापडी पिशवी, दोन्ही हात पिशवीवर. एरवी ती पिशवी पायाशी टाकते. पूल आला तसं तिने नदीच्या बाजूला बघितलं नाही, समोरच्या सीटवर कुणीतरी कोरलेलं नाव वाचत बसली. संजनाही नदीकडे बघत नव्हती. मग मीच बघितलं. पाणी लाल होतं, एक भरलेली बार्ज सावकाश चालली होती, आणि तिच्यावर कुणीतरी कपडे वाळत घातले होते.

नारायणबाब शिडीवरून उतरले ते सगळ्यात मोठी मॅट घेऊन. करड्या रंगाची, पिवळट रेघांची. मेजावर पसरली तशी पसरलेलीच राहिली. वहिनीने वास घेतला. तळवा फिरवला, बोटाच्या पेराने टकटक केली, कोपरा दुमडून सोडला. कोपरा निमूट आपल्या जागी गेला. नारायणबाबांना जोर चढला. त्यांनी पात्याने मॅटवर एक रेघ ओढली, अंगठ्याने पुसली आणि दिसते काय विचारलं. दिसत नव्हती. ह्या जातीची मॅट आपली आपण भरून येते, असं ते म्हणाले. वहिनीने रेघेच्या जागी नख फिरवलं.

"लागते," ती म्हणाली.

नखाला लागणारच, वयनी, डोळ्यांना दिसणार नाही एवढं बघायचं, असं नारायणबाब समजावू लागले. वहिनी ऐकत नव्हती. मी दोष शोधत होते. रेघा इंचांच्या आहेत, आमच्या हिला सेंटिमीटरची सवय, असं म्हटलं. नारायणबाबांनी मॅट उलटी केली. मागच्या बाजूला सेंटिमीटर होते. संजना म्हणाली की एवढी मोठी बसमधून न्यायची कशी. ते म्हणाले, मुलगा तुमच्या बसपर्यंत आणून देईल, ड्रायव्हरच्या मागे उभी राहते. एवढा सज्जन दुकानदार मी आयुष्यात पाहिला नाही, आणि एवढा राग मला कुणाचा आला नाही.

वहिनीने पिशवीत हात घातला. आतून तिने खमीस काढलं. आकाशी, बारीक चौकड्यांचं. घरात इस्त्री नाही. ते गादीखाली घालून सपाट केलेलं होतं, म्हणजे आदल्या रात्री ती त्याच्यावर निजली असणार. तिने ते मॅटवर पालथं घातलं आणि बाह्या आत वळवल्या. पाठ मावली. चारही बाजूंनी चार चार बोटं उरली.

"बघा, तुमच्याचसाठी केलीय जणू," नारायणबाब म्हणाले. त्यांनी कटर उघडून पुढे धरला. घेऊन बघा कापून, खालची पट्टी, नाहीतरी जुनंच दिसतंय. मग बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं की कुणाचं हे. वहिनी म्हणाली, मुलाचं. लहान झालं काय त्याला, त्यांनी विचारलं.

रस्त्यावर एका बसचा कंडक्टर म्हापसा, म्हापसा ओरडत होता. नारायणबाबांनी माझ्याकडे बघितलं, संजनाच्या गळ्यातल्या काळ्या मण्यांकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा हळूहळू गोंधळला. त्यांना काही ठाऊक नव्हतं. पण आपण नको ते विचारलं एवढं त्यांना कळलं, आणि ते उगाच शिडी सरळ करायला मागे गेले.

वहिनीने कटर हातात घेतला. असला कटर तिने आयुष्यात धरला नव्हता, सुरी धरावी तसा धरला. खालच्या शिवणीशी पातं टेकवलं.

संजनाने तळहात शर्टाच्या पाठीवर ठेवला. पंजा पूर्ण पसरून, निजलेल्या माणसाला उठवताना ठेवतात तसा.

"नको, माय," ती म्हणाली. "हा राहू दे. आल्यावर हाच मागेल घालायला."

दूध उतू जाईल म्हणावं, इतक्या सहज म्हणाली ती. आणि वर बघून वहिनीकडे हसली. ते हसू कुणासाठी होतं ते मला माहीत होतं. वहिनीलाही त्या क्षणी कळलं असावं, कारण ती तिच्या तोंडाकडे बघत राहिली. जणू या पोरीला आज पहिल्यांदाच बघते आहे. मी तोंड उघडलं, ह्या मॅटला कडेला चीर आहे असं काहीतरी सांगायला. चीर नव्हती. वहिनीने माझ्याकडे न बघताच मान हलवून मला गप्प केलं.

तिने कटर बाजूला ठेवला. संजनाचा पंजा शर्टावरून काढला नाही. त्याच्यावर आपला पंजा ठेवला, आणि तशीच वाकून तिच्या कपाळाजवळ कपाळ नेलं.

"तो यायचा नाही, बाये," वहिनी म्हणाली. "रुद्रेश त्याच सांजेला मेला."