एकशे शहाऐंशी मतं आणि एक साकव

मी एक मतदारसंघ होतो. आता नाही. माझं नाव कुठल्याच यादीत उरलेलं नाही, तेव्हा खरं बोलायला मला कुणाची भीती नाही.

मला ना हात, ना पाय. कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, चंदगडच्या बाजूच्या डोंगरांत, कुणीतरी नकाशावर रेघ ओढली आणि मी जन्माला आलो. त्या रेघेच्या आत भाताची खाचरं होती, काजूच्या बागा होत्या, गुडघाभर चिखल होता आणि लाखाच्या वर मतदार होते. हे मतदार म्हणजेच मी, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. माझ्या मालकांना ते कधी पटलं नाही.

मालक म्हणजे आमदार. सगळे त्यांना आण्णा म्हणत. भाषणात ते मला 'माझा मतदारसंघ' म्हणायचे, 'माझी म्हैस' म्हणावं तसं. म्हशीला निदान वैरण तरी मिळते.

माझ्या एका कोपऱ्यात, ओढ्यापलीकडे, बौद्धवस्ती होती. शाळा, दवाखाना, एसटीचा थांबा, सगळं ओढ्याच्या अलीकडे. पावसाळ्यात ओढा फुगला की वस्ती चार महिने तुटायची. त्या लोकांचं मागणं एकच होतं, माणूस चालत जाईल एवढा साकव. मोठा पूल नको, डांबरी रस्ता नको. वस्तीतल्या तानूबाईची लेक दीप्ती तेव्हा पाचवीत जायची, आणि ओढ्याला पाणी आलं की घरी बसायची.

नव्वद सालच्या निवडणुकीला आण्णा वस्तीत आले. आमच्याकडे पक्ष फारसं कुणी विचारत नाही, गट कुठला ते विचारतात. गट पक्का करायचा तर शपथ घ्यायची. गावातल्या शेतकऱ्यांनी देवाचा भंडारा उचलला होता. वस्तीत भंडारा चालायचा नाही, म्हणून आण्णांनी समाजमंदिरातल्या बाबासाहेबांच्या फोटोकडे बोट दाखवलं. तानूबाईचे यजमान बाबासो वस्तीचे कारभारी. साधा, शब्दाचा पक्का माणूस. त्यांनी फोटोवर हात ठेवला.

"आण्णा, वस्तीची सगळी मतं तुमच्या घराला. मी हाय तोवर."

"आणि साकव माझा शब्द," आण्णा म्हणाले.

घरी तानूबाई भडकली. "ज्यांनी आपल्याला मत मिळवून दिलं, त्यांच्याच फोटूवर हात ठिवून मत गहाण टाकलंसा?"

"तुला साकव पायजे का न्हाय?"

"पायजे की! पर हक्कानं मागायचा. मिंधं हून न्हाय."

साकव झाला नाही. पंच्याण्णव साली आण्णा पुन्हा निवडून आले, तरी झाला नाही. दीप्तीची पावसाळ्यातली हजेरी कधी भरली नाही. ती सातवीत दोनदा नापास झाली, शाळा सुटली, आणि अठरा पुरी व्हायच्या आत तिला कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीला देऊन टाकली. लग्नात आण्णांनी आहेराला भिंतीवरचं घड्याळ पाठवलं.

बाबासो साकवाची आठवण करायला गेले की आण्णा हसून म्हणत, "अवो, मोजणीला सगळ्या पेट्यांतली मतं एकत्र कालवत्यात. वस्तीची मतं मलाच पडली कशावरनं?"

हे बाबासोंना फार लागलं. इमानाला पुरावा नाही, एवढंच त्यांच्या डोक्यात बसलं. नव्याण्णवला मतदान ऐन सप्टेंबरात आलं. ओढ्याला छातीभर पाणी होतं. मतपेटी डोक्यावर घेऊन बाबासोंनी स्वतः ती पलीकडे आणली आणि संध्याकाळी तशीच परत पोचवली. पेटीला पाण्याचा एक थेंब लागला नाही. पोराबाळांची दप्तरं मात्र दरवर्षी भिजत होती. लाज मला वाटली, मालकाला नाही.

दोन हजार चारला मतदानाचं यंत्र आलं. आण्णा थकले होते, म्हणून गटानं त्यांचा मुलगा पृथ्वीराज उभा केला. मला कुणी विचारलं नाही. म्हैस बापाकडून मुलाकडे जाते, तसा मी गेलो. यंत्रामुळे आता प्रत्येक बूथचा आकडा वेगळा कळणार होता, आणि वस्तीचा बूथ वेगळा होता. बाबासोंना आकाश ठेंगणं झालं. "आता दिसंल की आमचं इमान!"

वस्तीत मतदान झालं एकशे सत्याऐंशी. पृथ्वीराजला पडली एकशे शहाऐंशी.

आकड्याचा कागद घेऊन बाबासो एसटीनं कोल्हापूरला गेले, मंगळवार पेठेतल्या आमदारांच्या घरी. पृथ्वीराजनं चहा दिला, पाठीवर हात ठेवला. "काका, तुम्ही तर घरचीच माणसं." बाबासो डोळे पुसत बाहेर पडले. मग नवा आमदार आपल्या माणसाला म्हणाला, "ही कुठं जात्यात आता? साकव खालच्या वाडीला द्या. तितं आपल्याला चौदाच मतं पडल्यात."

पुढच्या वर्षी खालच्या वाडीला साकव झाला, रंगवलेल्या कठड्यासकट. बाबासो इकडे ते फुटलेलं एक मत कुणाचं, याचा शोध घेत घरोघर फिरत होते. शेजारी शेजाऱ्याकडे संशयानं बघायला लागला.

मग माझाच शेवट आला. मतदारसंघांच्या रेघा नव्यानं आखल्या गेल्या, माझे तुकडे झाले, वस्ती दुसरीकडे गेली. बाबासो पृथ्वीराजला भेटले. तो म्हणाला, "काका, आता तुमची वस्ती माझ्या हद्दीत येत न्हाय."

दोन हजार नऊच्या मतदानाच्या आदल्या दिवशी बाबासो ओढ्याच्या काठावर बसले होते. उमेदवारांच्या यादीत आण्णांच्या घरातलं कुणीच नव्हतं. समोरून तानूबाई नातीला, मुलाच्या अक्षताला, खांद्यावर घेऊन पाण्यातून येत होती. पोर यंदाच पाचवीत गेली होती. दप्तर ठिबकत होतं.

"आता मी शबुद कुणासाठी पाळू?" बाबासोंनी विचारलं.

तानूबाईनं पोरीला खाली उतरवलं, लुगडं पिळलं. "पाच वर्सं हुडकताय न्हवं? त्ये फुटल्यालं मत माझं हुतं."

बाबासो काठावरून ताडकन उठले.

"माझं एकटीचंच फुटलं, ह्येच चुकलं," ती म्हणाली. "एकशे शहाऐंशी फुटली असती, तर ही पोर आज कोरड्या पायानं घरला आली असती."

मी पुसला गेलो, त्याचं मला दुःख नाही. माझ्यावर हक्क सांगणारे पुष्कळ झाले. माझ्याकडे हक्कानं मागणारी ती एकटीच होती, आणि तिला मी पायवाटेएवढा साकव देऊ शकलो नाही. माझ्या जागी आता जो कुणी आहे, त्याला माझं एवढंच सांगणं आहे. अक्षता पाचवीत आहे. दीप्तीची शाळा सातवीत सुटली होती.