शेवाळी रंगाचा नकार

मी एक जुना रंग आहे. पन्नास वर्षांपूर्वी कारखान्यात एका मोटारीच्या अंगावर बसलो, तो अजून उठलेलो नाही. माझं नाव शेवाळी. भली माणसं मला हिरवा म्हणत, बाकीचे "हिला काय झालंय?" असं विचारत.

मित्रांनो, माझी मालकीण गुरांची डॉक्टर. आम्ही गोठेच्या गोठे पालथे घातले. उजव्या दारावरचा ओरखडा एका बैलाचा. त्याला सुई आवडली नव्हती. बॉनेट एका गाईने चाटून चाटून गुळगुळीत केलं. पाहुणे नेमका तिथेच हात फिरवून "काय चकाकी!" म्हणत.

पुढे बाईंचे गुडघे कुरकुरू लागले आणि आम्ही गॅरेजात बसलो. ताडपत्री मात्र बाईंनी कधी फाटू दिली नाही. म्हणून मी टिकलो.

यंदा जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात न्यायची म्हणून बाईंच्या भाच्याने गाडी दुरुस्तीला काढली. ब्रेक बदलले, वायरी बदलल्या. माझी तक्रार नाही. ब्रेकच्या बाबतीत जुन्याचा अभिमान बाळगू नये. पण मग रंगारी आला, लाल रंगाचा डबा आणि पॉलिश पेपर घेऊन. डिकीवरचा तळहाताएवढा मी गेलोसुद्धा.

तेवढ्यात काठी टेकत बाई आल्या. "काय चाललंय रे?"

"आत्या, नवीकोरी करतोय! अगं, आंघोळ न केल्यासारखी दिसते ती."

"लहानपणी तूही तसाच दिसायचास. सोलून काढला का तुला?"

रंगारी हसला. भाचा हसला नाही. "प्रदर्शनात लोक नावं ठेवतील, आत्या!"

"ठेवू देत. माझी सगळी नोकरी या पत्र्यावर आहे." असं म्हणून बाई सरळ बॉनेटवर चढून बसल्या. "हं, घासा आता."

कोणी घासलं नाही.

भाच्याने तोंड पाडून मला धुतलं, मेण चोळलं. डिकीवरच्या जागेला रंगाऱ्याने माझ्याशी जुळता रंग लावला. तो जरा जास्तच तरणा दिसतो. मी अजून त्याच्याशी बोलत नाही.

प्रदर्शनात लोकांनी नावं ठेवलीच. बाई येईल त्याला बैलाची गोष्ट सांगत होत्या, आणि त्या काही विसरल्या की भाचा मध्येच म्हणत होता, "आत्या, दावं तुटलं ते राहिलं."

मित्रांनो, जुन्या वस्तूला सावली द्या, मऊ फडकं द्या. बिघडलं असेल ते जरूर दुरुस्त करा. नुसतं फिकं पडलंय त्याच्या वाटेला जाऊ नका. घासायची फारच हौस असेल, तर घरात करपलेली भांडी असतात. मी इथून हलणार नाही.